समोरच्या गच्चीवर टॉवर आला, आता काय करायचं? कागद आणि आकडा मिळवण्याची नाशिककरांची वाट

रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर समोरच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर लोखंड चढत होतं. दोन दिवसांत खांब उभा राहिला आणि त्यावर राखाडी उभट पेट्या लागल्या. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेलेल्या चिमण्यांचे फोटो फिरू लागले. इंदिरानगरातली आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी. संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या नातवाची खोली बरोब्बर त्याच्या समोर येते." चेअरमन म्हणाले, "सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज ठोकू."

अर्ज ठोकला. त्यात 'घातक किरणोत्सर्ग' होता, 'कर्करोग' होता, 'नागरिकांच्या जिवाशी खेळ' होता. आम्हाला नेमकं काय हवंय, तेवढं मात्र कुठेच नव्हतं. ज्या कार्यालयाला दिला, त्याच्याकडून साडेचार महिने चकार शब्द आला नाही, आणि आज तो अर्ज वाचला की वाटतं, काय उत्तर देणार होते बिचारे?

नंतर आम्ही टॉवर हटवा म्हणणं सोडलं आणि कागद मागायला लागलो. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या फेरीतलं. तुमचा टॉवर सिडकोत असो, म्हसरूळला असो की नाशिक रोडला, वाट साधारण हीच आहे.

आधी आरोग्याचं, सरळ सरळ

मोबाइलच्या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. त्या पेशीतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत. त्यांचा पक्का ठाऊक असलेला परिणाम म्हणजे ऊब, आणि आंतरराष्ट्रीय मर्यादा त्या उबेच्या हिशेबाने, वर मोठं सुरक्षित अंतर ठेवून ठरवल्या आहेत. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून त्या मर्यादेचा दहावा हिस्सा लागू केला. लहरींच्या ९०० मेगाहर्ट्झ या वारंवारतेला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट, २१०० आणि त्यापुढे १ वॅट. असे आकडे सरकार बदलू शकतं, म्हणून अर्ज लिहायच्या दिवशी दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर लागू असलेला आकडा बघा आणि तोच लिहा.

मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना '२ ब' गटात टाकलं, म्हणजे 'कर्करोगकारक असण्याची शक्यता'. ग्रुपवरचे फॉरवर्ड इथेच थांबतात. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही आहेत, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. शिवाय त्या निर्णयामागचा मुख्य पुरावा तासन्‌तास कानाला लावलेल्या हँडसेटचा होता, समोरच्या गच्चीवरच्या टॉवरचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये आला. त्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

म्हणून माझं मत असं, की "टॉवरमुळे कॅन्सर होतो" या वाक्यावर लढाई उभी केली तर तुम्ही हरणार. "इथे मर्यादा पाळली जाते का, ते कोणी मोजलं, कधी मोजलं, कागद दाखवा" हे वाक्य मात्र कोणालाच टोलवता येत नाही. त्याला कारणही आहे. नियम असा आहे की कंपनीने स्वतः मोजायचं किंवा गणित मांडायचं आणि स्वतःच प्रमाणपत्र द्यायचं. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा! दूरसंचार विभागाचे क्षेत्रीय अधिकारी त्यातल्या काही टॉवरची नमुना तपासणी करतात. तुमच्या समोरचा टॉवर त्या नमुन्यात आला होता का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

गच्चीवर जा आणि नीट बघा

अर्ज लिहिण्याआधी अर्धा तास आपल्या गच्चीवर घालवा. वही घ्या, फोन घ्या.

खांबावर दोन प्रकारचं सामान दिसतं. गोल, ढोलकीसारखी तबकडी ही दोन टॉवरमधल्या जोडणीची असते. तिचा झोत सुतासारखा सरळ जातो आणि लोकवस्तीच्या वरून जातो. तिला घाबरून उपयोग नाही. साधारण माणसाच्या उंचीच्या उभट पेट्या म्हणजे मोबाइलच्या अँटेना. ५-जीच्या पेट्या जरा बुटक्या आणि रुंद असतात. उभट पेट्या मोजा. सगळ्यात खालच्या पेटीचा तळ तुमच्या कितव्या मजल्याच्या पातळीत येतो ते लिहा. त्यांची तोंडं कुठे आहेत तेही लिहा.

अँटेनाचा झोत टॉर्चसारखा समोर जातो, पण उभ्या दिशेत तो फार अरुंद असतो, जेमतेम पाच-दहा अंशांचा. त्यामुळे ज्यांच्या गच्चीवर टॉवर आहे त्यांच्या घरात लहरी सहसा कमी असतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. खरा प्रश्न समोरच्या, त्याच उंचीच्या, जवळच्या घराचा. आमच्या काकूंची खोली चौथ्या मजल्यावर असती तर मी काळजी केली असती. ती दुसऱ्यावर आहे, आणि सगळ्यात खालची पेटी आमच्या पाण्याच्या टाकीच्या वर आहे.

थोडं गणित करू. समजा अँटेनाला २० वॅट दिले आणि तिने ते एका दिशेला पन्नासपट एकवटले. झोताच्या ऐन मध्यावर ते १००० वॅटच्या तोडीचं झालं. २० मीटरवर येतात दर चौरस मीटरला सुमारे ०.२ वॅट, ४० मीटरवर फक्त ०.०५. अंतर दुप्पट झालं की लहरी चौथाईवर येतात. आता एकाच खांबावर त्याच दिशेला तोंड करून तीन कंपन्यांच्या अशा अँटेना असल्या तर २० मीटरवर बेरीज ०.६ होते. ९०० मेगाहर्ट्झच्या ०.४५ शी ताडून बघा. एकेक कंपनी स्वतंत्रपणे पास, आणि तिघी मिळून नापास! म्हणून खांबावर किती कंपन्या आहेत, हा प्रश्न अँटेनांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे.

दूरसंचार विभागाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत हाच हिशेब अंतरात मांडला होता. सगळ्यात खालच्या अँटेनाच्या उंचीची इमारत तिच्या थेट समोर असेल, तर एका अँटेनासाठी २० मीटर, दोनसाठी ३५, चारसाठी ४५, सहासाठी ५५ आणि बारासाठी ७५ मीटर अंतर हवं. अंतर फोनच्या नकाशावर मोजता येतं. आमचं ३८ मीटर भरलं, पण खालची पेटी आमच्या गच्चीच्याही वर असल्याने आमची इमारत तिच्या थेट समोर येत नव्हती.

शेवटी टॉवरच्या पायथ्याशी लावलेली पाटी बघा. साइट आयडी (टॉवरचा ओळख क्रमांक) आणि टॉवर कंपनीचं नाव बहुधा तिच्यावर असतं. फोटो घ्या. धोक्याची सूचना देणारी पाटी आहे का आणि त्या गच्चीचं दार कुलूपबंद असतं का, हेही बघून ठेवा. दोन्ही गोष्टी सूचनांत आहेत.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मीटरबद्दल एक इशारा. आमच्या एका सभासदाने आणलं. बटण दाबताच लाल दिवा, आवाज, आकडा २०००. घरात रडारड व्हायची बाकी राहिली. मी एकक बघितलं, तर ते दर चौरस मीटरला मायक्रोवॅट असं होतं. २००० मायक्रोवॅट म्हणजे ०.००२ वॅट, मर्यादेच्या दोनशेव्या हिश्शापेक्षाही कमी. हे मीटर कुठे जास्त, कुठे कमी एवढं सांगायला ठीक आहे. त्याचा आकडा अर्जात मात्र लिहू नका.

तरंग संचार, आणि चार हजार रुपये

मे २०१७ मध्ये केंद्राने 'तरंग संचार' नावाचं पोर्टल सुरू केलं. नकाशावर आपली जागा टाकली की आसपासचे टॉवर दिसतात. त्यावर कोणती कंपनी आहे, कोणतं तंत्रज्ञान आहे, आणि मर्यादेच्या आत असल्याची नोंद आहे की नाही, ही माहिती ईमेलवर मागवता येते. याला पैसे लागत नाहीत. आधी हे करा, आणि गच्चीवरून मोजलेल्या पेट्यांशी ताडून बघा. तफावत दिसली तर तिथेच तुमच्या अर्जाचा पहिला मुद्दा मिळाला.

त्याच पोर्टलवर ४,००० रुपये भरून तुम्ही सांगाल त्या ठिकाणी मोजणी मागता येते. दूरसंचार विभागाची माणसं उपकरण घेऊन येतात आणि अहवाल देतात. चोवीस फ्लॅटमध्ये वाटून घरटी १६७ रुपये झाले. दिवाळीत एवढ्याचे फटाके तर पार्किंगमधली पोरं पहिल्या तासात उडवतात.

मोजणीला येणाऱ्यांना घरी नेण्याआधी कुठे मोजायचं ते ठरवून ठेवा. हॉल दाखवू नका. झोताच्या पातळीतली बाल्कनी, वरच्या मजल्याची खिडकी आणि गच्ची दाखवा. आमच्याकडे मोजणी झाली ती गच्चीवर टाकीच्या बाजूला आणि काकूंच्या नातवाच्या खिडकीत. दोन्हीकडचा आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. काकूंनी विचारलं, "म्हणजे झोपवू ना त्याला इथे?" आलेला अधिकारी म्हणाला, "खुशाल झोपवा, मावशी." त्या एका वाक्याने जे झालं ते आमच्या साडेचार महिन्यांच्या अर्जाने झालं नव्हतं.

माहितीचा अधिकार: दोन दारं, दोन अर्ज

इथे बहुतेक जण चुकतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! (आपलं सोमेश्वर गंगापूर रोडलाच आहे म्हणा.) लहरींचा विषय केंद्राचा आहे. बांधकाम, इमारतीची सुरक्षितता आणि मालमत्ता कर हा विषय महापालिकेचा. एकाच अर्जात दोन्ही विचारलं की अर्ज इकडून तिकडे फिरत राहतो.

महापालिकेचा अर्ज राजीव गांधी भवनात नगररचना विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा किंवा राज्याच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन करा. शुल्क १० रुपये. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. आमचा मजकूर असा होता:

"इंदिरानगर येथील (इमारतीचे नाव, सर्व्हे व प्लॉट क्रमांक) या इमारतीवरील मोबाइल टॉवरबाबत:
१) टॉवर बसवण्यासाठी आलेल्या अर्जाची किंवा लेखी सूचनेची, सर्व जोडपत्रांसह, साक्षांकित प्रत.
२) स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या प्रमाणपत्राची प्रत.
३) मंजूर अथवा कळवलेल्या अँटेनांची संख्या व कंपन्यांची नावे दर्शवणाऱ्या कागदाची प्रत.
४) टॉवरवरील मालमत्ता कर आकारणीच्या नोंदीची प्रत.
५) या टॉवरबाबतच्या तक्रारी व त्यावरील टिपणीची प्रत.
६) संबंधित नस्तीचे (फाइलचे) निरीक्षण करू द्यावे."

बघा, यात "का" एकदाही नाही. "परवानगी का दिली?" असं विचारलं की "ही माहिती या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं. दप्तरात असलेला कागद मागा. आणि सहावा मुद्दा गाळू नका. नस्ती समोर आली की टिपणीच्या बाजूला कोणी काय शेरा मारलाय ते दिसतं, आणि कोणतं पान नाही तेही दिसतं. पहिला तास निरीक्षण मोफत असतं, झेरॉक्स पानाला २ रुपये.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. खासगी इमारतीवर टॉवर लावायला आता बहुतेक वेळा परवानगी लागत नाही. मार्गाधिकार नियमांत (टॉवर, केबल कुठे आणि कसे टाकायचे याचे केंद्राचे नियम) २०२२ मध्ये बदल झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही दिशा तीच राहिली. कंपनीने काम सुरू करण्याआधी लेखी कळवायचं आणि इमारत भार पेलू शकते असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडायचं. त्यामुळे "विनापरवाना टॉवर" असा ओरडा करण्याआधी "कळवलं का, आणि प्रमाणपत्र कशाचं दिलं" हे बघा. आमच्या हाती आलेल्या प्रतीत तीन अँटेनांचा भार धरला होता. वर सहा लटकत होत्या.

दुसरा अर्ज केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून, दूरसंचार विभागाच्या महाराष्ट्र क्षेत्राकडे. मुंबई वेगळं क्षेत्र आहे, नाशिक महाराष्ट्रात येतं. साइट आयडी देऊन प्रत्येक कंपनीच्या स्वयंप्रमाणपत्राची प्रत मागा. शेवटच्या मोजणीची तारीख, विभागाने तपासणी केली असल्यास तिचा अहवाल आणि दंड झाला असल्यास त्याचा आदेशही मागा. टॉवर एकाचा आणि अँटेना दुसऱ्याच्या, हे लक्षात ठेवून नावं लिहा.

मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. त्यानंतर दुसरं अपील ९० दिवसांत. महापालिकेचं प्रकरण असेल तर ते राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातं, दूरसंचार विभागाचं असेल तर दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे. कोणी 'व्यापारी गोपनीयता' म्हणून कलम ८(१)(ड) पुढे केलं तर अपिलात दोन ओळी लिहा: त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देता येते असं म्हटलंय, आणि लोकांच्या राहत्या घरावर पडणाऱ्या लहरींचा आकडा हे व्यापारी गुपित कसं?

तक्रार कुठे चालते, कुठे नाही

कागद हातात आल्यावरच तक्रार करा. भाराची तफावत असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयाकडे, प्रत नगररचनेला. लहरींची मर्यादा ओलांडली असेल तर मोजणीचा अहवाल जोडून दूरसंचार विभागाकडे. दोन्हीकडून काही हलत नसेल तर जिल्हाधिकारी. २०१३ च्या सूचनांत लोकांच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर दूरसंचार समित्या सुचवल्या होत्या. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि विषय समितीपुढे ठेवा असं लिहा.

माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात लवकर निकाल लागतो जनरेटरचा. वीज गेली की टॉवरखालचा जनरेटर रात्री दोनला धडधडतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. यात कॅन्सर सिद्ध करायचा नसतो, झोप मोडली एवढं दाखवायचं असतं. आम्ही आठ रात्रींच्या वेळा वहीत टिपल्या, व्हिडिओ काढले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवले. प्रत टॉवर कंपनीला दिली. तीन आठवड्यांत जनरेटर पलीकडच्या बाजूला गेला, वर आवाज रोखणारा डबा बसला.

कोर्टाची घाई करू नका. अभिनेत्री जुही चावला २०२१ मध्ये ५-जीविरुद्ध थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. आधी सरकारकडे दाद मागितली नाही, हा न्यायालयाचा एक मुख्य आक्षेप होता. दावा गेलाच, वर २० लाखांचा खर्च बसला. पुढे खंडपीठाने तो २ लाखांवर आणला. सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीचा टॉवरविरोधी ठराव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, कारण नुकसानीचा शास्त्रीय पुरावा समोर नव्हता. उलट बाजूही आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधला एक टॉवर बंद करायला लावला होता. पण त्या एका आदेशावर तुमचं प्रकरण उभं राहील असं समजू नका.

टॉवर आपल्याच गच्चीवर यायचा असेल तर

भाड्याचा आकडा ऐकून कमिटीचे डोळे फिरतात. देखभाल खर्च निघेल, लिफ्ट बदलता येईल, वगैरे. हरकत नाही, पण करार सर्वसाधारण सभेत आधी वाचून दाखवा. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून डीड ऑफ डिक्लेरेशनच्या (कोणती जागा कोणाची हे सांगणारा नोंदणीकृत दस्त) अपार्टमेंट आहेत. तिथे गच्ची सगळ्यांच्या सामायिक मालकीची असते. बिल्डर "गच्ची माझ्याकडे ठेवलीय" म्हणत परस्पर सही करत असेल तर आधी डीड काढून वाचा.

करारात मी चार जागी पेन टेकवतो. अँटेनांची कमाल संख्या लिहिलीय का? टॉवर कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांना त्यावर घेऊ शकते का, आणि घेतलं तर भाडं वाढतं का? मध्येच करार सोडायचा हक्क फक्त त्यांना आहे की आपल्यालाही? आणि दर बदलाच्या वेळी नवं स्ट्रक्चरल प्रमाणपत्र आणि लहरींचं प्रमाणपत्र सोसायटीला द्यायचं बंधन आहे का? हे शेवटचं कलम तयार मसुद्यात मला कधी सापडलं नाही. आम्ही हाताने लिहून घालायला लावू. इमारत पंधरा वर्षांच्या वर असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट, मग चर्चा.

आणि तो फोन आलाच तर? "तुमच्या प्लॉटवर टॉवर मंजूर झालाय, महिना पन्नास हजार भाडं, आधी नोंदणीचे एवढे भरा." शुद्ध फसवणूक आहे. टॉवर लावण्यासाठी जागामालकाकडून दूरसंचार विभाग किंवा ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) पैसे घेत नाही, ट्राय तसलं ना-हरकत पत्रही देत नाही. मखमलाबादकडच्या आमच्या एका नातेवाइकाचे असेच अठरा हजार गेले. 'मंजुरीपत्रा'वर अशोकस्तंभ होता, म्हणाला.

२०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी, तपोवन आणि गोदाकाठ या पट्ट्यात तात्पुरत्या आणि कायमच्या अँटेना वाढणार, हे उघड आहे. त्या भागात राहत असाल तर आजच तरंग संचारवर आपल्या घराभोवतीची यादी काढून ठेवा, तारखेसकट. उद्या नवी पेटी दिसली की जुनी यादी शेजारी ठेवून बोलता येईल.

आमच्या समोरचा टॉवर तिथेच आहे. सहा अँटेनांच्या भाराचं नवं प्रमाणपत्र दाखल झालं, त्याची प्रत आली. ती, मोजणीचा अहवाल आणि दोन्ही आरटीआयची उत्तरं सोसायटीच्या कपाटात एका हिरव्या फाइलमध्ये आहेत. मागच्या आठवड्यात पाथर्डी फाट्यावरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी ती झेरॉक्सला घेऊन गेले, अजून परत आलेली नाही.